भाता कुणी मारायचा?

पश्चिम फ्रान्समध्ये आँजे शहराला लागून त्रेलाझे नावाचं गाव आहे. छपरावर घालायच्या काळ्या पाटीच्या दगडाच्या खाणी ही त्याची जुनी ओळख, म्हणजे वस्ती कष्टकऱ्यांची. या गावच्या नगरपालिकेने गावातल्या सँ-पिएर चर्चसाठी एक ऑर्गन विकत घेतला आणि भांडण कोर्टात गेलं. हरकत सरळ होती. फ्रेंच प्रजासत्ताक कुठल्याही धर्माला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही, असं १९०५ चा कायदा सांगतो. मग करदात्याच्या पैशातून चर्चचा बाजा कसा येतो? खालच्या न्यायालयांना हे पटलं. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मात्र १९ जुलै २०११ रोजी उलट निकाल दिला. गावातली मुलं या ऑर्गनवर शिकणार असतील, गावाला मैफली ऐकायला मिळणार असतील, तर नगरपालिकेने तो घ्यायला हरकत नाही. उपासनेतही तो वाजू दे, पण त्या वापराचा वाटा चर्चने उचलावा आणि हे सगळं करारात लिहिलेलं असावं.

निकाल मला योग्य वाटतो. त्यामागची मांडणी मात्र थोडी भित्री वाटते. तिच्यात मैफल हे ऑर्गनचं खरं काम आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, ही जणू चालवून घ्यायची सवलत. ऑर्गनचा इतिहास पाहिला तर गणित उलटं दिसतं. माझं म्हणणं असं की चर्चमधल्या जुन्या ऑर्गनवर सार्वजनिक पैसा खुशाल खर्च व्हावा, आणि तो खर्च करताना या वाद्याचं रोजचं धार्मिक काम लपवू नये, कारण त्या कामानेच ते टिकलं आहे. मात्र त्याच न्यायाने धर्मग्रामालाही ते आपल्या घरातल्या कपाटासारखं वापरता येणार नाही. (धर्मग्राम हा वसईकडचा शब्द. एका चर्चच्या हद्दीतली माणसं आणि त्यांचा संसार, सगळं त्यात येतं, म्हणून मला तो आवडतो.)

उदाहरण म्हणून पॅरिसचं सँ-सुल्पीस घेतो. कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च नव्हे, साधं धर्मग्रामाचं चर्च. ‘साधं’ म्हणायचं ते दर्जाने. लांबी जवळजवळ १२० मीटर, शहरातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक. सध्याच्या इमारतीचा पाया १६४६ मध्ये घातला. १६७८ मध्ये कर्ज डोक्यावर आल्याने काम थांबलं ते चाळीसएक वर्षं. लांगे द जेर्जी नावाचे खटपटे धर्मगुरू आले, त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. पैसा कसा उभा केला? इतर वाटांबरोबर, राजाची परवानगी काढून लॉटरीने. हेच गृहस्थ जेवायला कुणाकडे गेले की पानावरचा चांदीचा चमचा-काटा खिशात घालून आणत आणि त्या चांदीतून मरियेचा पुतळा घडवला, असंही सांगतात. खरंखोटं तो जाणे. पण लॉटरीचं तिकीट घेणाऱ्या पॅरिसकराला कुणी श्रद्धेचा दाखला मागितला नसणार, हे नक्की. या दगडांत बिगरभाविकांचा पैसा पहिल्यापासून मुरलेला आहे.

दर्शनी भागाचे दोन मनोरे आजही सारखे नाहीत. उत्तरेचा शालग्रँ या वास्तुविशारदाने नव्याने बांधला. दक्षिणेचा राहून गेला तो गेलाच, पाचेक मीटरने बुटका. याच शालग्रँने पुढे पॅरिसच्या विजयकमानीचा आराखडा केला. ऑर्गनची लाकडी दर्शनी बाजूही त्याचीच, १७७६ मधली, खांब आणि मधे उभे पुतळे, एखाद्या प्राचीन मंदिराचा सभामंडप वाटावा अशी. तिच्यामागे १७८१ मध्ये फ्रांस्वा-आंरी क्लिकोने आपल्या हयातीतला सर्वांत मोठा ऑर्गन उभा केला. पाच कीबोर्ड, एकावर एक.

आठच वर्षांत क्रांती झाली. २ नोव्हेंबर १७८९ च्या ठरावाने चर्चची सगळी मालमत्ता राष्ट्राची झाली. ऑर्गनच्या नळ्या कथील आणि शिशाच्या, आणि युद्धात शिसं लागतं. देशभर कितीतरी ऑर्गन मोडून वितळवले गेले. जे वाचले त्यांपैकी अनेक वाचले ते नव्या राज्याच्या समारंभांत क्रांतिगीतं वाजवायला उपयोगी पडले म्हणून. सँ-सुल्पीसचं ‘विजयमंदिर’ झालं. ६ नोव्हेंबर १७९९ रोजी त्याच्या प्रचंड मध्यभागात जनरल बोनापार्त आणि जनरल मोरो यांच्यासाठी मेजवानीची पंगत बसली, आणि तीन दिवसांनी बोनापार्तने सत्ता हातात घेतली. ऑर्गन तेव्हाही जागेवर होता.

इथे एक क्षण थांबून वाद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचा वाद हवेत राहील. आपल्या पेटीत सूर म्हणजे पितळेची पाती. ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी, आणि एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांची एक रांग. खुंटी ओढली की ती रांग जागी होते. पेटीवाल्याला ‘खर्ज-नर-मादी’ म्हटलं की तीन रांगा समजतात. अशा शंभर रांगा कल्पा. सर्वांत मोठी नळी बत्तीस फुटी, तिचा तळाचा सूर कानाआधी बाकावर टेकलेल्या पाठीला कळतो. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी) लावला की पेटीची पट्टी किती जड होते, हे शिकाऊ पोरांच्या बोटांना विचारा. शंभर रांगांच्या ऑर्गनमध्ये पट्टी दाबणं हे हमालीचंच काम झालं असतं. बार्कर नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने त्यावर तोड काढली. प्रत्येक पट्टीमागे एक छोटा भाता. बोट फक्त झडप उघडतं, ओढायचं काम हवा करते.

ही युक्ती मोठ्या ऑर्गनमध्ये पहिल्यांदा आणली आरिस्तीद कावाये-कोल या ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने, पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये, १८४१ साली. १८५७ नंतर सँ-सुल्पीसचं काम त्याच्याकडे आलं. त्याआधी एका भागीदारी कारखान्याकडे ते होतं आणि त्यातले कालिने नावाचे वृद्ध कारागीर भागीदारांशी पैशावरून बिनसल्यावर संतापाने स्वतःच केलेलं काम मोडून बसले होते. कारागिराच्या रागाची इतकी स्वच्छ नोंद इतिहासात क्वचित सापडते. कावाये-कोलने २९ एप्रिल १८६२ रोजी आपला ऑर्गन लोकांपुढे ठेवला. शंभर खुंट्या, पाच कीबोर्ड, सात हजारांच्या घरात नळ्या. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या दोन-तीन वाद्यांत तो मोडत होता. त्याने क्लिकोचा ऑर्गन भंगारात काढला नाही, ही यातली मोलाची गोष्ट. जुन्या नळ्यांचा मोठा हिस्सा त्याने नव्या वाद्यात तसाच वापरला. आज वर जे ऐकू येतं त्यात १७८१ आणि १८६२ एकत्र बोलतात.

आपल्या वाचकाला परक्या वाटणाऱ्या या माणसाचा एक धागा थेट आपल्या दिवाणखान्यात येतो. तरुण कावाये-कोलने तुलूजमध्ये, १८३० चं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, पात्यांवर वाजणारं आणि आवाज लहानमोठा करता येणारं एक वाद्य केलं होतं. संगीतकार रोसिनीने ते ऐकलं आणि पॅरिसला जा म्हणून सांगितलं. त्याच पॅरिसमध्ये १८४२ मध्ये दबँ नावाच्या वाद्यकारागिराने ‘हार्मोनियम’ या नावाचं पेटंट घेतलं. मोठा ऑर्गन न परवडणाऱ्या छोट्या चर्चांसाठी ही वस्तू सोयीची, म्हणून मिशनऱ्यांबरोबर ती जगभर गेली. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडीशी बसून एका हाताने भाता मारता येईल असं रूप दिलं. इकडे मराठी संगीत नाटकाने पायपेटीलाच ‘ऑर्गन’ म्हणून जवळ केलं. गंधर्व नाटक मंडळीच्या भागीदारांपैकी गोविंदराव टेंबे हे आधी पेटीवाले, मग बाकी सगळं. भजनी मंडळाच्या पेटीत आणि सँ-सुल्पीसच्या सज्जातल्या ऑर्गनमध्ये रक्ताचं नातं आहे, दूरचं असलं तरी.

आता मालकीचा प्रश्न. १९०५ मध्ये राज्य आणि चर्च वेगळे झाले. चर्चच्या इमारती सांभाळायला श्रद्धाळूंनी संस्था नोंदवाव्यात, अशी कायद्याची योजना होती. पोप दहावे पायस यांनी त्याला नकार दिला. झालं असं की १९०५ पूर्वीची धर्मग्रामांची चर्चं नगरपालिकांकडे राहिली आणि कॅथीड्रलं राष्ट्राकडे. १९०८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नगरपालिकांना डागडुजीचा खर्च करायची मुभा मिळाली. चर्चने हट्ट केला म्हणून कॅथलिक इमारतींची छपरं आज सेक्युलर सरकार शाकारतं. १९०५ नंतर बांधलेल्या चर्चांना आणि नंतर आलेल्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांना हा लाभ नाही, आणि ही तक्रार पोकळ नाही. मशिदीच्या गळक्या छपराला नगरपालिका हात लावत नाही आणि शेजारच्या चर्चच्या ऑर्गनला मात्र लावते, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणारच. पण याचा उपाय ऑर्गन कुजवणं हा नव्हे. अन्याय मोडायचा तर मुभा वाढवून मोडता येतो.

सँ-सुल्पीसची इमारत पॅरिस शहराची आहे, ऑर्गनही. वापराचा हक्क धर्मगुरू आणि भाविकांचा. मैफल भरवायची तर धर्मगुरूची संमती लागते. मालक एक, कुळ एक अशी ही व्यवस्था. आपल्याकडे कूळकायदा पाहिलेल्या माणसाला यातले ताण समजावून सांगायची गरज नाही.

या ताणाची एक बाजू डिसेंबर २०२१ मध्ये पश्चिम फ्रान्समधल्या नांत शहरात दिसली. स्वीडनची आना फॉन हाउसवोल्फ ही ऑर्गनवादक गायिका तिथल्या नोत्र-दाम-द-बोन-पोर चर्चमध्ये कार्यक्रम करणार होती. कट्टर कॅथलिकांनी दार अडवलं, तिचं संगीत सैतानी आहे म्हणून. कार्यक्रम रद्द झाला. हे वाचून मला चीड आली आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं. चर्च म्हणजे भाड्याचं सभागृह नव्हे, हे भाविकाचं म्हणणं मुळात चुकीचं नाही. देवळाच्या मंडपात काय गावं, यावर आपल्याकडेही गावोगाव वाद होतातच. पण संमती द्यायचा अधिकार कायद्याने धर्मगुरूला दिला आहे, रस्त्यावरच्या जमावाला नाही. आणि ज्या वाद्याचा खर्च शहर करतं त्याच्यावर ‘आमच्यातल्यांनीच वाजवायचं’ असा पहारा बसवता येत नाही. त्रेलाझेच्या निकालातला लेखी करार इथे कामाचा. कुणी, कधी, काय वाजवायचं आणि नकार द्यायचा तर कुणी, हे आधी कागदावर असेल तर दारात राडा होत नाही.

तिसरा हक्कदार आहे, त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. वादक.

सँ-सुल्पीसपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सँत-क्लोतिल्द हे चर्च आहे. तिथेही कावाये-कोलचाच ऑर्गन, १८५९ चा, आणि संगीतकार सेझार फ्रांकने त्यावर तीन दशकं वाजवलं. फ्रांकचं ऑर्गनसंगीत त्या वाद्याच्या आवाजातून जन्मलं. पुढे त्याच सज्जातल्या वादकांनी, स्वतः थोर संगीतकारांनी, काळाच्या आवडीप्रमाणे १९३३ मध्ये आणि पुन्हा १९६२ मध्ये त्यात मोठे फेरफार करवून घेतले. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलमध्येही १९६० च्या दशकात पट्ट्यांची जुनी यंत्रणा जाऊन वीज आली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. रोज वाजवणाऱ्याला काहीतरी अडत असतं आणि त्याच्या शब्दाला वजन असतं. परिणाम एवढाच की फ्रांकने ऐकलेला फ्रांक आता कुणाला ऐकता येत नाही.

सँ-सुल्पीस यातून सुटलं. कायद्यामुळे नव्हे, माणसांच्या स्वभावामुळे. १८७० ते १९७१ या एकशे एक वर्षांत तिथे मुख्य वादक दोनच झाले, शार्ल-मारी व्हिदोर आणि मार्सेल द्युप्रे. दोघांनाही हा ऑर्गन आहे तसा हवा होता. विजेवर चालणारा पंखा बसला, त्याने भाता मारणाऱ्या माणसांची पाळी संपली. पायपट्टीसाठी दोन रांगा वाढल्या आणि एकूण १०२ झाल्या. बार्करचे छोटे भाते मात्र अजून त्याच जागी श्वास घेतात. व्हिदोरचा शिष्य आल्बर्ट श्वाइट्झर, जो पुढे आफ्रिकेत डॉक्टर म्हणून गेला, त्याने १९०६ मध्येच युरोपभर ओरडून सांगितलं होतं की जुने ऑर्गन मोडून कारखान्यातले कर्कश ऑर्गन बसवणं थांबवा. नमुना म्हणून तो बोट दाखवायचा ते याच वाद्याकडे. द्युप्रे ३० मे १९७१ ला, पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी, सकाळी मिस्सेला वाजवून घरी गेले आणि त्याच दिवशी वारले.

आता यावर म्हणता येईल की मग झालंच की, रोजच्या वापराने वाद्य टिकतं हा तुमचा मुद्दा सँत-क्लोतिल्दने खोडला. तिथे रोज वापर होता म्हणूनच बदल झाले. आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. वापर वाद्याला जिवंत ठेवतो, पण जपतो असं नाही. जपायला बाहेरचा डोळा लागतो, आणि तो डोळा ठेवायचा अधिकार पैसा देणाऱ्या जनतेकडेच येतो. म्हणून सार्वजनिक पैशाबरोबर एक अट मला हवी: वादकाची किंवा धर्मगुरूची लहर म्हणून नळी बदलायची नाही. १९८८ ते १९९१ मध्ये सँ-सुल्पीसच्या ऑर्गनची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा १८६२ चा आवाज हाच निकष होता. असाच कडकपणा दोनशे मैलांवरच्या खेड्यातल्या दहा खुंट्यांच्या ऑर्गनलाही मिळायला हवा, ज्याच्यावर वाजवून गेलेल्यांपैकी एकही नाव प्रसिद्ध नाही.

खरी दुखरी जागा तीच आहे. १५ एप्रिल २०१९ ला नोत्र-दाम पेटलं आणि जगभरातून ८४ कोटी युरोंहून अधिक देणग्या आल्या. तिथला आठ हजार नळ्यांचा ऑर्गन आगीतून वाचला, शिशाच्या धुळीने भरला, पूर्ण उतरवून साफ केला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा वाजला. छान झालं. नोत्र-दामच्या आगीच्या महिनाभर आधी, १७ मार्च २०१९ ला, सँ-सुल्पीसच्याही बाजूच्या दरवाजाला आग लागली होती. ती वेळीच विझली आणि लगेच विसरली गेली. २०२० च्या जुलैमध्ये नांतच्या कॅथीड्रलमधला, १६२१ पासूनची परंपरा असलेला, क्रांती आणि महायुद्धातले बॉम्ब दोन्ही पचवलेला ऑर्गन मात्र काही तासांत राख झाला. धनिकांच्या देणग्या कॅमेरे असतात तिथे जातात, त्यात त्यांचा दोष नाही, देणगीचा स्वभावच तो. ज्या चर्चला महिन्यातून एकदा फिरता धर्मगुरू मिळतो, तिथल्या भात्याच्या फाटक्या चामड्यासाठी देणगी येत नाही. तिथे पालिकेचाच पैसा लागतो, आणि शिकणारं एखादं पोर.

गरिबांचं काय, हा प्रश्न उरतो. शंभर खुंट्यांपुढे तो कायमच विचारला गेला आहे. पण मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे आणि तिथे बसायला तिकीट लागत नाही. सँ-सुल्पीसमध्येही नाही. एका गाजलेल्या रहस्यकादंबरीमुळे तिथे जमिनीतली पितळी रेघ शोधत येणारे पर्यटक, नोकरीवरून सुटून आलेली कामवाली, संगीत विद्यालयाचे विद्यार्थी, सगळे त्याच वेताच्या खुर्च्यांवर. जगातलं इतकं महागडं वाद्य दर रविवारी फुकट ऐकायला मिळण्याची दुसरी जागा मला माहीत नाही. कलागृहात ते ठेवलं असतं तर पहिल्या महिन्यातच तिकीटखिडकी लागली असती. म्हणून म्हणतो, मिस्सा हा त्रेलाझेच्या निकालातला तळटिपेचा विषय नाही. गरिबाला ते वाद्य मिळतं ते मिस्सेमुळेच.

आपल्याकडेही हा प्रश्न फार लांबचा नाही. घटनेच्या २७ व्या कलमाने विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वा जतनासाठी कर आकारायला मनाई केली आहे, आणि तरी जुन्या गोव्याची चर्चं पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत, तिथे मिस्साही होते, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. भिंत, छप्पर, कोरीव लाकूड यांना वारसा म्हणायला आपण शिकलो. आवाजाला वारसा म्हणायला आपण अजून कचरतो. आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं पेटीला दारातच उभं केलं होतं, ती परकी म्हणून. तोवर ती वारीत, कीर्तनात, नाटकात, चर्चच्या गायनवृंदात केव्हाच घरची झाली होती. वाद्य कुणाचं हे कुठल्या कचेरीने ठरवायच्या आधी वाजवणाऱ्यांनी ठरवलेलं असतं, आणि कचेरीने मागाहून फक्त दुरुस्तीचं बिल द्यायचं असतं. हे बिल देताना तिने फार आढेवेढे घेऊ नयेत, इतकंच.

व्हिदोरची गोष्ट अर्धी सोडली होती. १८७० च्या जानेवारीत तो पंचवीस वर्षांचा पोरगा होता. इतक्या लहान वयाच्या माणसाला एवढं मोठं वाद्य देण्यावरून कुरबूर झाली, तेव्हा त्याला एक वर्षासाठी, तात्पुरता म्हणून नेमलं. त्या वर्षात साम्राज्य कोसळलं आणि प्रजासत्ताक आलं. मग कम्यून, म्हणजे पॅरिसकरांचं बंडखोर सरकार, आलं आणि चिरडलं गेलं. १९०५ मध्ये त्याच्या डोक्यावरच्या छपराबद्दलचा कायदाच बदलला. महायुद्ध होऊन गेलं. तो १९३३ च्या अखेरीपर्यंत, चौसष्ट वर्षं, दर रविवारी त्याच बाकावर बसत राहिला. कायम केल्याचं पत्र त्याला कुणीच कधी दिलं नाही.